जेवणापुरता नवस

ऋषिकेश भोयरला खोटं बोलता येत नाही, असा त्याचा घरात आणि गावात लौकिक होता. म्हणूनच त्याचं हे एक खोटं इतकं बिनबोभाट खपलं. ज्याला रोजची सवय असते त्याला लोक दोन उलट प्रश्न तरी विचारतात. याला कोणी एकही विचारला नाही.

तो बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात नोकरीला. तयार कापडातला दोष शोधून काढणाऱ्या खात्याचा तो प्रमुख, आणि त्या कामात त्याची नजर तयार. राहायला नागपुरात, मनीषनगरला, बायको श्वेतासोबत. वडील, महादेवराव, बुटीबोरीच्या पलीकडे गावातच राहत, स्वतःची शेती स्वतः बघत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाकाला बाई होती, पण महादेवरावांना खरं जेवण आवडायचं ते पंगतीतलं. लग्न, बारसं, तेरवी, कुठलीही पंगत असो, ते वेळेआधी हजर असत. ते असले की वाढणाऱ्यांनाही हुरूप यायचा.

मागच्या पावसाळ्यात या माणसाला उलट्या सुरू झाल्या. सुरुवातीला घरच्या घरी भागलं. मग गोपाळरावांच्या नातवाच्या बारशात, भर पंगतीतून, तोंडावर गमछा दाबून त्यांना उठावं लागलं, आणि मांडवाच्या मागे सकाळचं खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर पडलं. गोपाळराव त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, त्यांनी पाठ चोळली, पाणी दिलं, कोणाला काही कळू दिलं नाही. तरी महादेवरावांनी त्या दिवसापासून पंगतीला जाणं सोडलं. अन्न टाकणाऱ्याला ते आयुष्यभर नावं ठेवत आले होते. आता त्यांच्या स्वतःच्याच पोटात अन्न ठरेना, याची त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

दिवाळीपर्यंत ते निम्मे झाले. पेज गेली तरी परत यायची. ऋषिकेशने त्यांना नागपुरात आणलं, दुर्बीण घालून झाली, स्कॅन झाला, आणि डॉक्टर मुग्धा देव नावाच्या सर्जनबाईंनी त्याला एकट्याला खोलीत बसवून कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ आहे, तिने वाट जवळजवळ बंद केली आहे. ती यकृतावर पसरली आहे, पोटाच्या आतल्या पडद्यावरही आहे. त्यामुळे ती काढून उपयोग नाही.

"मग ऑपरेशन कशासाठी?" ऋषिकेशने विचारलं.

"जेवता यावं म्हणून," बाई म्हणाल्या. "आतड्याचा एक भाग वर आणून जठराला जोडायचा. गाठ राहील तिथेच, अन्न तिच्या बाजूने जाईल. आजार बरा होणार नाही. पण जितका काळ आहे तितका उपाशी आणि उलट्या करत जाणार नाही. ही छोटी गोष्ट नाही."

पुढे असंही म्हणाल्या की अंगात थोडी ताकद आली की औषधं द्यायची का, याचा विचार करता येईल. त्या औषधांनी दिवस वाढू शकतात, त्रासही होतो, म्हणून ते ठरवायचं महादेवरावांनीच. तेव्हा त्यांना सगळं माहीत असायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू, असं बाईंनी विचारलं. ऋषिकेश म्हणाला, मी सांगतो.

आणि तो सांगायला गेलाही. खाटेजवळच्या स्टुलावर बसला. महादेवराव खिडकीबाहेरच्या रस्त्यावर मोसंबीच्या गाड्या बघत होते. ते त्याच्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणते गा बाई? काढून टाकते का नाही?" आणि ऋषिकेशच्या तोंडून निघालं, "हाव बाबा. काढून टाकतात." मग एकदा निघालेलं पुढे नेणं काही कठीण गेलं नाही. गाठ काढतात, अन्नाची वाट मोकळी करतात, महिनाभरात तुम्ही पंगतीत.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी विचारलं, सांगितलंत का. तो हो म्हणाला. काय म्हणाले ते, असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, "म्हणाले, जे होईल ते होईल." म्हणजे बापाच्या तोंडचं वाक्यसुद्धा यानेच बनवून टाकलं. बाईंनी मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला तेव्हाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण माणूस तेवढ्याने थोडाच मरतो.

बाई महादेवरावांपाशी गेल्या आणि त्यांना साध्या शब्दांत समजावलं, की अन्नाला बाजूने नवी वाट करून देणार आहोत. महादेवरावांना ते चटकन पटलं. त्यांची हयात पाटाचं पाणी फिरवण्यात गेली होती. पाट तुंबला की बाजूने काढून द्यायचा, त्यात न समजण्यासारखं काय. गाठ राहणार का, हे त्यांनी विचारलं नाही, कारण ती जाणार हे त्यांना मुलाने सांगितलेलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी खाटेवर बसल्या बसल्या गावाच्या दिशेला हात जोडले. बरा होऊन घरी आलो तर शेतातल्या मारुतीला रोडगे करीन, म्हणाले. ऋषिकेश समोर उभा होता. तोही म्हणाला, करू बाबा.

रोडगे म्हणजे त्या भागातलं नवसाचं जेवण. जाडसर कणकेचे घट्ट गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतात, देवाच्या पायाशी, गावाला बोलावून. भोयरांच्या घरात यात आणखी एक रीत होती. ज्याने नवस केला त्याने पहिला रोडगा मारुतीपुढे फोडायचा, आणि काय मागितलं होतं, काय मिळालं, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून दाखवायचं. त्याशिवाय कोणी घास उचलत नसे, कारण न बोलता फेडलेला नवस देवाच्या कानी जात नाही अशी त्यांची समजूत. ऋषिकेशने लहानपणी आजोबांना असं बोलताना पाहिलं होतं. तेव्हा त्याला ती गंमत वाटली होती.

ऑपरेशन उत्तम झालं. आधी पाणी, मग पेज, मग मऊ भात. एके दिवशी महादेवरावांनी वरणात कुस्करलेली अर्धी पोळी खाल्ली, वाटी खाली ठेवली आणि वाट बघत बसले. उलटी झाली नाही. ते रडले. म्हणाले, "पोरानं वाचवलं मले." आणि इथे ऋषिकेशची खरी घसरण सुरू झाली. खोटं बोलला ते भीतीपोटी, ते एकवेळ समजून घेता येईल. पण बापाचं हे वाक्य त्याला गोड लागलं.

कारण महादेवराव ते वाक्य घेऊन गावभर फिरले. कॅन्सर झाला होता, पोरानं हिंमत केली, आता मी जेवतो. गोपाळरावांनी फोन करून कौतुक केलं. मग त्यांच्या एका नातेवाइकाला काविळीचा त्रास होता म्हणून सल्ला विचारायला पुन्हा फोन. मग आणखी कोणाचा. ऋषिकेश जपून, गंभीरपणे सल्ले देऊ लागला. गावात गेला की लोक खुर्ची पुढे करायचे. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालची जमीन दिसत असते, तो फक्त तिकडे बघायचं टाळतो. औषधांबद्दल ठरवायला बोलावलेली तारीख त्याने एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा ढकलली. तिथे गेलो की बाई बाबांशी बोलणार, हे त्याला माहीत होतं.

श्वेताला सगळं माहीत होतं. तिची जीभ तिखट आणि नवऱ्याशी बोलताना ती जास्तच तिखट व्हायची. कापडातला सुताएवढा दोष याला दिसतो आणि स्वतःचा केवढा तो दिसत नाही, असं ती म्हणायची. रोडग्याचा शनिवार ठरला तेव्हा तिने त्याला सरळ विचारलं, की बाबा मारुतीसमोर उभे राहून बरा झालो म्हणून सांगतील, तेव्हा तू कुठे बघणार आहेस. तो म्हणाला, एवढं जेवण आनंदात होऊन जाऊ दे, मग सांगतो. श्वेताने पुढे काही म्हटलं नाही. तिलाही महादेवरावांना जेवताना बघायला आवडत होतं, आणि त्यापायी आपण गप्प बसतो याचा तिला मनातून राग होता.

आता प्रेमिलाआत्याचं. महादेवरावांची धाकटी बहीण, नागपुरातच इतवारीत राहणारी. तिचे यजमान मधुकरराव तिथल्या एका भांड्यांच्या ठोक दुकानात कामाला. आईच्या माघारी ऋषिकेशचं दहावी-बारावीचं सगळं तिच्याच घरी राहून झालं. तिला वर्षानुवर्षं ॲसिडिटी होती आणि ती सोड्याच्या पुड्यांवर भागवायची. वडिलांचं निदान झाल्यावर सर्जनबाईंनी सांगितलं होतं की रक्ताच्या नातेवाइकांनी तपासून घेतलेलं बरं. ऋषिकेशने आत्याचा पिच्छा पुरवला, शेवटी तिला गाडीत घालून नेलं. तिच्याही पोटात निघालं. पण तिचं लहान होतं, जागच्या जागी होतं. बाईंनी सांगितलं, जठराचा मोठा भाग काढावा लागेल, काढला तर तुम्ही बऱ्या व्हाल. तारीख ठरली. हे एक काम ऋषिकेशने अगदी चोख केलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

शनिवारी सकाळी शेतात मारुतीच्या ओट्याजवळ गोवऱ्यांची रास पेटली. गावातले पुरुष कणकेला बसले, बायका वांगी चिरायला. ऋषिकेशही त्यांच्यात विळी घेऊन बसला होता. मधुकररावांनी इतवारीहून स्वयंपाकाचे मोठमोठे गंज टेम्पोत घालून आणले होते, आणि आत्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आली होती. महादेवराव पांढरं धोतर नेसून इकडून तिकडे फिरत होते. अजून हडकुळेच, पण आवाज परत आलेला. आर कमी आहे, कणीक सैल आहे, अशा सगळ्यांच्या चुका काढत होते आणि लोक हसून ऐकून घेत होते.

आत्या वांग्यांची पाटी घेऊन ऋषिकेशशेजारी बसली. फार दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. तिने सहज सांगावं तसं सांगितलं, की काल तिने हॉस्पिटलात फोन करून ऑपरेशन नको म्हणून कळवलं.

ऋषिकेशच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. काहून, एवढंच त्याने विचारलं.

"दादानं सांगितलं," आत्या म्हणाली. "त्याचं पोट कुठं काढलं? बाजूनं वाट करून देली, गाठ गेली, जेऊन राहिला तो. मंग मलेच काहून पोट काढाले सांगते ती बाई? मी विचारलं तिले. म्हणे त्यांची गोष्ट वेगळी, तुमची वेगळी. काय वेगळी? एका मायचे दोघं आमी. मी आता दादासारखंच करून घेतो दुसऱ्या डॉक्टरकडून. दादा येतो म्हणे माह्यासंगं."

ती पुढे पोट नसलेल्या बाईने सणावाराला काय खायचं वगैरे बोलत राहिली, आणि हसली. तिची भीती गेली होती. भावाने घालवली होती. पलीकडून श्वेताने सगळं ऐकलं होतं. ती उठली, पदराला हात पुसले आणि नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आता तू सांगतो का मी सांगू?"

तो आत्याला विहिरीकडे, मोटारीच्या खोलीशी घेऊन गेला. वाटेत त्याने दोन-तीन सुरुवाती मनात करून पाहिल्या आणि एकही जमली नाही. शेवटी सरळ सांगितलं. बाबांची गाठ काढलेली नाही, काढता येण्यासारखी नव्हती, लिव्हरपर्यंत गेली आहे. ते ऑपरेशन फक्त जेवता यावं म्हणून होतं. तुझी गाठ काढता येते, म्हणून तुझं पोट काढायचं आहे. तुझं ऑपरेशन मोठं आहे कारण तू वाचणार आहेस.

असं वेड्यावाणी काहून बोलून राहिला, आत्या म्हणाली. मग तिने त्याचं तोंड नीट बघितलं, आणि तिला पटलं. ती मोटारीच्या ओट्यावर बसली.

"म्हणजे दादाच्या आतमधी तसंच आहे सगळं."

"हाव."

"त्याले माहीत नाही."

त्याने मान हलवली.

"आन् मले तू हे माह्यासाठी सांगून राहिला. त्याच्यासाठी त्याले नाही सांगितलं." ती रागावून बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती अगदी हळू बोलत होती. "मी आता कशी जाऊ त्याच्यापुढं? मले नाही गा जमत तुह्यासारखं."

इतक्यात महादेवराव तिला शोधत आले. पहिला रोडगा बहिणीने आरातून काढून द्यावा अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या हातात चिमटा होता. प्रेमे, चाल वं, म्हणत ते जवळ आले आणि थांबले. बहीण रडत होती. का रडते, असं त्यांनी तिला विचारलं. तिने ऋषिकेशकडे बघितलं. मग त्यांनीही त्याच्याकडे बघितलं.

आता पळायला कुठे जागा नव्हती. एकीकडे विहीर, दुसरीकडे कपाशी. ऋषिकेशने खाली बघत सांगून टाकलं. जे दवाखान्यातल्या स्टुलावर बसून सांगायचं होतं, तेच, त्याच क्रमाने. सांगून झाल्यावरही त्याने मान वर केली नाही. महादेवरावांच्या चपला त्याला दिसत होत्या. एका चपलेवर राख पडली होती.

महादेवराव म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईले वाटत होतं का, मले माहीत आहे म्हणून?"

"हाव. मी सांगतलं होतं तिले."

"मी काय म्हटलं, असं सांगतलं तू?"

ऋषिकेशला ते वाक्य तोंडातून काढवेना. पण काढावंच लागलं. "जे होईल ते होईल."

"मी नसतो असं म्हटलं," महादेवराव म्हणाले.

त्यांनी चिमटा दुसऱ्या हातात घेतला. ते बहिणीकडे वळले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "प्रेमे, सोमवारी जाय आन् तारीख परत घे. काढू दे पोट. मी काई बी सांगतलं तुले. मले काय माहीत." मग पोराकडे न बघता म्हणाले, "माह्या तोंडानं मी माह्या बहिणीले मारून राहिलो होतो. आन् तू तिकडं वांगे चिरून राहिला होता."

तिकडून हाका यायला लागल्या. रोडगे काढून झाले होते, भाजी उतरली होती, लोक पत्रावळी मांडून उभे होते. ऋषिकेशला वाटलं, बाबा आता घरी जाऊ म्हणतील. मनातून त्याला तेच हवंही होतं. म्हणजे सगळं घरात, दार लावून झालं असतं. महादेवरावांनी धोतराचा सोगा नीट केला, आत्याला हाताला धरून उठवलं आणि दोघं ओट्याकडे चालू लागले. तो मागून गेला.

आत्याने आरातून रोडगा काढला. महादेवरावांनी राख झटकली, मारुतीपुढे बसून तो दोन्ही हातांनी फोडला आणि उभे राहिले. गोपाळरावांनी टोपी काढली.

"मी मारुतीले मागितलं होतं का बरा होऊन घरी आलो पाहिजे," महादेवराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळीकडे गेला. "घरी आलो. बरा नाही झालो. गाठ आतमधी आहे, तशीच आहे. मले आजच समजलं. त हा नवस फिटला नाही, आन् फिटला असं मी देवापुढं म्हणणार नाही. ज्याइले ज्याइले मी सांगत फिरलो का ऑपरेशन केलं का कॅन्सर जाते, त्याइनं ते इसरून जा. डॉक्टरले इचारा. मले इचारू नका, आन् माह्या घरच्यालेही इचारू नका." त्यांनी पत्रावळींकडे हात केला. "जेवण नवसाचं नाही आता. साधं आहे. पण गरम आहे. बसा."

गोपाळराव पहिले खाली बसले, आणि त्यांच्या मागून बाकीचे बसत गेले. बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला, तो आत्याचा नव्हता. कोणी ऋषिकेशला काही बोललं नाही. बोलायचं काय होतं? महादेवरावांनी त्याचं नावही घेतलं नव्हतं, आणि तरी त्या शेतातल्या प्रत्येक माणसाला समजलं होतं की आजवर हे कोणाला माहीत होतं.

वाढायला माणसं लागतातच. श्वेताने वरण घेतलं, मधुकररावांनी भाजी, आणि तिने तुपाची बादली नवऱ्याच्या हातात दिली. तो एका टोकाहून सुरू झाला. काल-परवापर्यंत ज्यांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली होती ते आता पत्रावळीकडे बघत होते. त्यांचा राग असता तर बरं होतं. त्यांना त्याच्याकडे बघायला संकोच वाटत होता, जसा उघड्या पडलेल्या माणसाकडे बघायला वाटतो. गोपाळरावांनी पत्रावळीवर आडवा हात धरला आणि पुरे म्हणाले. त्यांच्या रोडग्यावर तुपाचा थेंबही नव्हता. ऋषिकेश वाकलेला होता तो तसाच पुढे सरकला.

पंगतीच्या दुसऱ्या टोकाला महादेवराव बसले होते, शेजारी आत्या. खरं तर रोडग्यासारखं जड अन्न त्यांना सांभाळूनच खायचं होतं. त्यांनी लहानसा तुकडा वरणात पार विरघळेपर्यंत कुस्करला होता आणि एकेक घास तोंडात घोळवत, सावकाश, मन लावून जेवत होते. आत्याच्या पत्रावळीत काही कमी पडलं की डोळ्यांनी वाढणाऱ्याला खुणावत होते. इतकं सगळं होऊनही त्यांना जेवण गोड लागत होतं, हे दिसत होतं. सर्जनबाईंनी जे कबूल केलं होतं ते त्यांनी पुरेपूर दिलं होतं. त्यात कुठे काही खोटं नव्हतं.

ऋषिकेश त्यांच्यासमोर येऊन थांबला. बादली हातात, पळी बादलीत. आपण माफी मागावी की नुसतं वाढावं, त्याला ठरवता येईना. महादेवरावांनी घास गिळला आणि वर बघितलं. विहिरीवरून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"मले सांगतलं असतं," ते म्हणाले, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "त मी मारुतीले तेवढंच मागितलं असतं. का पंगतीत बसून जेवता आलं पाहिजे. बस. आज माहा नवस फिटला असता, पोरा."

मग त्यांनी पत्रावळी थोडी पुढे सरकवली. ऋषिकेशने पळी भरली. त्याचं लक्ष बापाच्या तोंडाकडे होतं, त्यामुळे बरंचसं तूप बाहेर, मातीत सांडलं. महादेवरावांनी ते पाहिलं आणि अन्न वाया गेलं म्हणून नेहमी रागवायचे तसे रागावले नाहीत. ते खाली वाकून पुन्हा जेवू लागले.